रक्तपिशवीत उरणारी जोखीम

एचआयव्हीबाधित रक्ताची पिशवी ज्याच्या शरीरात जाते, त्याला लागण होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक असते. या विषाणूच्या प्रसाराचा दुसरा कुठलाही मार्ग इतका खात्रीचा नाही. उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के धरतात. बाधित सुई टोचली गेल्यास शक्यता साधारण तीनशेत एक. असुरक्षित शरीरसंबंधात एका वेळची शक्यता बहुतेक प्रकारांत एक टक्क्याच्याही आत असते. रक्ताच्या बाबतीत मात्र साडेतीनशे मिलिलिटर द्रव थेट शिरेत जातो, आणि तोही आधीच आजारी असलेल्या माणसाच्या. घेणाऱ्याच्या हातात यातले काहीच नसते. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतो, बाळंतीण असते, दोन वर्षांचे मूल असते. त्याने डोळे मिटून विश्वास ठेवलेला असतो, म्हणून रक्तपेढीचा हिशेब इतर कुठल्याही हिशेबापेक्षा कडक हवा.

हा हिशेब कसा मांडायचा? सगळ्या चाचण्या नीट होऊनही रक्तात जी जोखीम राहते, तिला आपण ‘उरलेली जोखीम’ म्हणू. ती मुख्यतः दोन राशींच्या गुणाकारातून निघते. पहिली रास म्हणजे विंडो पिरियड: लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचे दिवस. दुसरी म्हणजे रक्तदात्यांच्या समुदायात नव्या लागणी होण्याचा दर. जुनी लागण असलेला दाता चाचणीत सापडतो. निसटतो तो नुकतीच लागण झालेला. हा गुणाकार म्हणजे एका पिशवीची जोखीम. तिला रुग्णाने घेतलेल्या पिशव्यांच्या संख्येने गुणले की त्या रुग्णाची जोखीम मिळते. या गणिताच्या बाहेर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे माणसांच्या चुका. तिच्याकडे पुढे येईन.

रक्तसुरक्षेची आपल्याकडची बहुतेक चर्चा पहिल्या राशीभोवती फिरते. नवे यंत्र, नवी चाचणी, कोणत्या पेढीत ती आहे आणि कोणत्या पेढीत नाही. गुणाकारात मात्र दुसऱ्या राशीचे वजन पहिलीइतकेच असते, आणि ती रास प्रयोगशाळेत ठरत नाही. ती रक्तदात्याशी झालेल्या पाच मिनिटांच्या बोलण्यात ठरते. माझ्या मते आपल्या व्यवस्थेचा सर्वांत दुबळा भाग तोच आहे.

चाचणीने काय साधते

लागण झाल्यानंतर साधारण पहिला आठवडाभर विषाणू शरीरात वाढत असतो, पण रक्तात त्याचे प्रमाण इतके कमी असते की कोणतीच चाचणी त्याला पकडू शकत नाही. त्यानंतर रक्तात आधी विषाणूचा जनुकीय अंश दिसू लागतो, मग त्याच्या गाभ्यातले पी-२४ हे प्रथिन आणि शेवटी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. चाचण्यांची प्रगती याच्या नेमक्या उलट क्रमाने झाली. प्रतिपिंडे शोधणाऱ्या सुधारित एलायझा चाचणीचा विंडो पिरियड सुमारे २२ दिवसांचा धरतात. पी-२४ शोधणारी चाचणी तो सुमारे १६ दिवसांवर आणते. न्यूक्लिक ॲसिड चाचणी, जिला सगळे ‘नॅट’ म्हणतात, तो ९ ते ११ दिवसांवर आणते. नॅट प्रत्येक पिशवीसाठी वेगळी करता येते किंवा सहा, आठ, सोळा दात्यांचे नमुने एकत्र करून करता येते. एकत्र केले की खर्च उतरतो, पण नमुना पातळ होतो आणि अगदी कोवळी लागण सुटण्याची शक्यता थोडी वाढते.

भारतात प्रत्येक पिशवीवर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत. एचआयव्हीची सक्ती १९८९ मध्ये झाली, हिपॅटायटिस सीची २००१ मध्ये. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली रक्ताला औषध मानले आहे, त्यामुळे रक्तपेढीला औषध कारखान्यासारखाच परवाना लागतो. नॅट मात्र सक्तीची नाही. मोठ्या शहरांतल्या अनेक पेढ्या ती करतात आणि त्यासाठी जादा आकार घेतात. लहान पेढ्यांना यंत्र, अभिकर्मके आणि प्रशिक्षित माणसे यांचा खर्च पेलत नाही.

चाचणीबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्याची झळ दात्याला लागते. रक्तपेढीतली चाचणी रोगनिदानासाठी नसते. तिचे काम एकच असते: शंका आली की पिशवी बाजूला काढणे. म्हणून ती मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवतात. समजा एक लाख दात्यांपैकी १०० जणांना खरोखर लागण आहे आणि चाचणीची अचूकता अशी आहे की लागण नसलेल्या हजारांत पाच जणांना ती चुकून ‘रिअॅक्टिव्ह’ दाखवते. मग १०० खऱ्यांबरोबर सुमारे ५०० खोटे निकाल येतील. म्हणजे रिअॅक्टिव्ह निघालेल्या सहा जणांपैकी पाच निरोगी. पिशव्या सहाही नष्ट करायच्या, त्यात दुमत नाही. पण त्या सहा जणांना फोनवर ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे आणि चुकीचेही. त्यांना बोलावून, समजावून, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात म्हणजे आयसीटीसीत पाठवायचे, तिथे वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या जुळल्या तरच निदान करायचे, अशी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची म्हणजे ‘नाको’ची पद्धत आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने परवानाधारक रक्तपेढीतल्या तपासणीसाठी वेगळ्या संमतीची अट शिथिल केली आहे. ही सवलत रक्त तपासण्यापुरती आहे, दात्याशी कसेही वागण्याची नाही.

प्रश्न विचारण्याची ताकद

दुसऱ्या राशीचे महत्त्व इतिहासात स्वच्छ दिसते. १९८२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत हिमोफिलियाच्या तीन रुग्णांत एड्सची लक्षणे नोंदवली गेली, आणि डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका तान्ह्या बाळात, ज्याला जन्मल्यानंतर अनेकदा रक्त दिले होते. रोग रक्तातून जातो हे तेव्हा जवळजवळ स्पष्ट झाले. विषाणू मात्र सापडलेला नव्हता. तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ मध्ये सापडला आणि रक्ताची पहिली चाचणी अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये परवाना मिळून बाजारात आली. मधल्या काळात रक्तपेढ्यांच्या हातात एकच साधन होते. मार्च १९८३ पासून, ज्यांना धोका अधिक आहे त्यांनी रक्तदान करू नये, असे आवाहन तिथल्या आरोग्य खात्याने केले. परिणाम काय झाला? नंतरच्या अभ्यासात दिसले की सॅन फ्रान्सिस्कोत १९८२ च्या अखेरीस दर पिशवीमागची जोखीम एक टक्क्याच्या आसपास पोहोचली होती आणि चाचणी येण्याच्या आधीच ती उतरू लागली. चाचणी नव्हती, यंत्र नव्हते. काही हजार माणसांनी स्वतःला प्रश्न विचारला आणि रक्त द्यायला ती गेली नाहीत.

उलट उदाहरणही आहे. चीनच्या हनान प्रांतात १९९० च्या दशकात गरीब शेतकऱ्यांकडून पैसे देऊन प्लाझ्मा घेतला जाई. अनेकांचे रक्त एकत्र करून त्यातला प्लाझ्मा वेगळा काढत आणि उरलेल्या तांबड्या पेशी त्याच लोकांच्या शरीरात परत सोडत. एकाची लागण सगळ्यांपर्यंत पोहोचवण्याची याहून परिणामकारक रीत कल्पनेतही येणार नाही. इथे घेणाऱ्यांबरोबर देणाऱ्यांची गावेच्या गावे बाधित झाली. डॉ. गाओ याओजी यांनी म्हातारपणी गावोगाव फिरून हे उजेडात आणले आणि त्याची किंमत मोजली. त्यांना अखेर देश सोडावा लागला.

पैसा मध्ये आला की दात्याला खरे सांगणे परवडत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्येच, एड्सचे नावही नव्हते तेव्हा, अमेरिकेतल्या विकत घेतलेल्या आणि ब्रिटनमधल्या दान केलेल्या रक्ताची तुलना करून हे दाखवले होते. त्यांचा रोख काविळीवर होता, तर्क मात्र एचआयव्हीलाही जसाच्या तसा लागू पडला. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून एचआयव्ही पहिल्यांदा सापडला, तेव्हा आपल्या शहरांतले पुष्कळ रक्त धंदेवाईक दात्यांकडूनच येत होते. व्यसनासाठी, भाकरीसाठी पुन्हा पुन्हा रक्त विकणारी ही माणसे. मुंबईत तयार झालेल्या रक्तजन्य औषधांतच १९८९ च्या सुमारास एचआयव्हीच्या खुणा आढळल्या आणि खळबळ उडाली. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना धंदेवाईक रक्तदान दोन वर्षांत बंद करण्याचा आणि राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बेकायदा झाली. माझ्या दृष्टीने भारतातल्या रक्तसुरक्षेतला हा सर्वांत मोठा टप्पा आहे, नॅटच्या आगमनापेक्षाही मोठा.

आता तो गुणाकार आकड्यांत करून पाहू. आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले आहेत. दर लाख दात्यांमागे वर्षाला १० नव्या लागणी होत असतील आणि विंडो पिरियड २२ दिवसांचा असेल, तर दर दहा लाख पिशव्यांत सुमारे ६ पिशव्या निसटतील. दाते तेच ठेवून नॅट आणली आणि विंडो पिरियड १० दिवसांवर आला, तर निसटणाऱ्या पिशव्या पावणेतीनच्या आसपास येतात. आता नॅट बाजूला ठेवा. जुनीच चाचणी वापरा, पण दाते असे निवडा की त्यांच्यातला नव्या लागणीचा दर लाखात १० वरून २ वर येईल. निसटणाऱ्या पिशव्या होतात दहा लाखांत सव्वाच्याही आत. म्हणजे चांगले दाते आणि जुनी चाचणी ही जोडी, जुने दाते आणि नवी चाचणी या जोडीपेक्षा दुपटीहून अधिक सुरक्षित. दोन्ही केले तर जोखीम मूळच्या अकराव्या हिश्श्यावर येते, आणि तेच करायला हवे. पण ज्या जिल्ह्यात नॅट परवडत नाही तिथे काहीच करता येत नाही, असे म्हणणाऱ्याने हे गणित पाहिलेले नाही.

चांगला दाता कोण? जो कुणाच्या दबावाशिवाय येतो, ठरावीक काळाने पुन्हा येतो आणि विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देऊ शकतो. या तीन कसोट्यांवर ‘बदली रक्तदाता’ तिन्ही वेळा नापास होतो. रुग्णालय सांगते, दोन पिशव्या हव्यात, दोन माणसे आणा. जावई येतो, पुतण्या येतो, कंपनीतला सहकारी येतो. त्याच्या हातात प्रश्नावली देतात. गेल्या काही महिन्यांत जोखमीचा शरीरसंबंध आला का, हा प्रश्न त्यात असतो. बाहेर सासू बसलेली आहे, आत शस्त्रक्रिया थांबली आहे. तो ‘हो’ लिहून घरच्यांना काय सांगणार? कुणाची काही चूक नसते, पण खरे बोलण्याचा मार्ग व्यवस्थेनेच बंद केलेला असतो. काही बदली दाते पैसे देऊन आणलेले असतात आणि फॉर्मवर ‘नातेवाईक’ म्हणून त्यांची नोंद होते, हेही रक्तपेढीतल्या प्रत्येकाला माहीत असते.

महाराष्ट्र या बाबतीत देशात पुढे आहे. इथले बहुतेक रक्त शिबिरांतून, ऐच्छिक दात्यांकडून येते, आणि गणेश मंडळांपासून महाविद्यालयांपर्यंत हजारो कार्यकर्त्यांचे ते श्रेय आहे. मला या परंपरेचा अभिमान आहे, म्हणूनच तिच्यातली उणीवही सांगायला हवी. शिबिराचे यश पिशव्यांच्या संख्येवर मोजले जाते. नेत्याच्या वाढदिवसाला पाचशे पिशव्यांचा संकल्प सुटतो. मांडवात गाणी लागलेली, टेबलाला टेबल लागलेले, मागे रांग, शेजारी मित्र. अशा जागी दात्याशी खासगीत बोलणे होतच नाही. फॉर्मवरच्या खुणा एकाच हाताने सरसर केलेल्या दिसतात. वर भेटवस्तूचे आमिष असेल, तर ज्याने आज नाही म्हणायला हवे होते तोही आडवा होतो. ऐच्छिक दानाची व्याख्या पूर्ण होते, तिचा हेतू मात्र निसटतो. शिवाय दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत तुटवडा पडतोच, कारण एका दिवशी पाचशे पिशव्या जमवून त्या साठवता येत नाहीत. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस.

दुरुस्ती महागडी नाही. मांडवाच्या कोपऱ्यात पडदा लावून एक खुर्ची आणि एक प्रशिक्षित समुपदेशक, एवढे पुरते. दात्याला माघार घेण्याची सन्मानाची वाट हवी. ‘हिमोग्लोबिन कमी आले’ एवढे सांगून त्याला मित्रांत परतता आले पाहिजे. घरी गेल्यावर एखादी गोष्ट आठवली तर नाव न विचारता ‘अमुक क्रमांकाची पिशवी वापरू नका’ असे सांगता येईल असा फोन क्रमांक त्याच्या हातात हवा. आणि मोफत एचआयव्ही तपासणी आयसीटीसीत होते, नाव गुप्त राहते, हे प्रत्येक शिबिरात ठळक लिहिलेले हवे. शंका असलेला माणूस तपासणी करून घेण्याच्या हेतूने रक्तदानाला येतो, हे जगभर घडते, आणि नेमका तोच विंडो पिरियडमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

कुणाला नाकारावे हा प्रश्न इथेच येतो. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना कायमचे वगळले आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये, कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये गटावर आधारलेली बंदी उठवून प्रत्येक दात्याला त्याच्या अलीकडच्या वर्तनाबद्दल सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. शास्त्राच्या कसोटीवर मला हीच दिशा योग्य वाटते. विंडो पिरियड दिवसांत मोजला जातो, आयुष्यात नाही. वर्षानुवर्षे एकाच जोडीदाराबरोबर राहणाऱ्या माणसाची जोखीम त्याच्या गटावरून ठरत नाही. उलट भारतात बहुतांश लागण स्त्री-पुरुष संबंधांतून होते. नवऱ्याकडून लागण झालेली गृहिणी गटाच्या चाळणीतून सहज पार होते, कारण तिच्याबद्दल कुणाला शंका येत नाही आणि तिलाही काही माहीत नसते. पण वर्तनाचे प्रश्न विचारायचे तर ते खासगीत, शांतपणे, उत्तराची शिक्षा होणार नाही अशा वातावरणात विचारावे लागतात. आजची आपली शिबिरे त्याला तयार नाहीत. आधी पडद्यामागची खुर्ची हवी, मग नियम बदलावा. नियम बदलायला उशीर नको म्हणून ती खुर्ची लवकर हवी.

एक नवी अडचणही ध्यानात ठेवायला हवी. एचआयव्हीच्या उपचाराची एआरटी औषधे घेणाऱ्या बाधिताच्या रक्तात विषाणू इतका दबतो की नॅटला तो दिसत नाही, आणि उपचार अगदी लवकर सुरू झाले असतील तर प्रतिपिंडेही क्षीण राहू शकतात. लागण टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्यांमुळेही चाचणीच्या खुणा उशिरा उमटतात. दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकेत दात्यांच्या रक्तात ही औषधे सापडली आहेत. म्हणजे चाचणी जितकी सूक्ष्म होईल तितकी दात्याच्या खरेपणाची गरज कमी होईल, ही आशा खरी ठरलेली नाही.

गणिताबाहेरच्या चुका

तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यात, सात्तूरच्या सरकारी रुग्णालयात डिसेंबर २०१८ मध्ये एका गरोदर स्त्रीला रक्तक्षयासाठी रक्त चढवले. पिशवी शिवकाशीच्या सरकारी रुग्णालयाच्या पेढीतून आली होती. देणारा १९ वर्षांचा मुलगा होता, नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त द्यायला आलेला. परदेशी नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी करून घेतली तेव्हा त्याला आपली लागण कळली, आणि त्याने आपणहून रुग्णालयाला ती कळवली. तोवर पिशवी वापरून झाली होती. चौकशीत निघाले की २०१६ मध्येही त्याने रक्त दिले होते, ते बाधित आढळले होते, पण ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पुढे काही दिवसांत त्या मुलाने विष घेऊन आयुष्य संपवले.

हे प्रकरण विंडो पिरियडच्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही. दोन वर्षांपूर्वीची लागण साध्यातली साधी चाचणीही दाखवते. म्हणजे आपल्या गुणाकारानुसार ही जोखीम शून्य होती. तरी ती घडली. चाचणी झाली नाही, किंवा झाली आणि नीट वाचली गेली नाही, किंवा नोंद चुकली. त्याआधी, पहिल्या दानानंतर दात्याला शोधून सांगण्याचे काम सुटले. आणि एकदा बाधित निघालेला दाता पुन्हा आला तर तो ओळखण्याची सोय नव्हती. या साखळीतला ज्याने आपले काम चोख केले असा एकच माणूस दिसतो, तो म्हणजे तो मुलगा. त्याने फोन केला नसता तर त्या स्त्रीला वेळेत उपचार मिळाले नसते. त्याच्या वाट्याला काय आले हे पाहिल्यावर पुढचा दाता असा फोन करील का, हा रक्तसुरक्षेचाच प्रश्न आहे.

असे अपघात किती होतात, हे सांगणारा भरवशाचा आकडा आपल्याकडे तयारच होत नाही. २०१६ मध्ये मुंबईचे माहिती अधिकार कार्यकर्ते चेतन कोठारी यांना ‘नाको’ने दिलेल्या उत्तरात म्हटले होते की ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात २,२३४ जणांना रक्त घेतल्याने लागण झाली. आकडा गाजला. पण तो बाधितांनी समुपदेशकाला सांगितलेल्या कारणांवरून काढलेला होता. कुणाला खरे कारण सांगायचे नसते, कुणाला ठाऊक नसते, कुणाला सुई-इंजेक्शनातून लागण झालेली असते. तेव्हा हा आकडा जसाच्या तसा घेणे चूक आणि ‘सांगोवांगीचा’ म्हणून झटकणेही चूक. खरे उत्तर मिळवण्याची रीत ठरलेली आहे: रुग्णाला मिळालेल्या पिशवीच्या क्रमांकावरून दात्यापर्यंत मागे जायचे, त्याची पुन्हा तपासणी करायची, आणि त्याच दात्याचे इतर घटक कुणाला गेले ते पाहायचे. एका दानातून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा असे तीन घटक तीन रुग्णांना जातात, हे विसरता येत नाही. रक्त चढवल्यानंतरच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. पण त्याच क्षणी किंवा थोड्या तासांत दिसणाऱ्या प्रतिक्रिया त्यात येतात तशी वर्षांनी उघड होणारी लागण येत नाही, कारण तोवर रुग्ण, दाता आणि कागद तिघेही पांगलेले असतात.

पिशव्यांची संख्या

शेवटची रास डॉक्टरांच्या हातात आहे. जी पिशवी चढवलीच नाही तिच्यात जोखीम नसते. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावू’ ही सवय अजून गेलेली नाही, आणि पुष्कळदा ती मागणी नातेवाइकांकडूनच येते. रक्तस्राव नसलेल्या, स्थिर प्रकृतीच्या प्रौढ रुग्णाला साधारणपणे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त द्यावे, यापेक्षा सढळ हाताने दिल्यास फायदा दिसत नाही, हे कॅनडातल्या १९९९ च्या अभ्यासाने दाखवले आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. गरोदर स्त्रीचा रक्तक्षय पाचव्या महिन्यात ओळखला तर लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून दिलेल्या लोहाने बहुतेकदा भरून निघतो. नवव्या महिन्यात ओळखला तर रक्तच लागते. तेव्हा गावातल्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीतल्या लोहाच्या गोळ्या हेही रक्तसुरक्षेचे साधनच आहे.

पण एक गट असा आहे ज्याला हा सल्ला देता येत नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. वर्षाला २५ पिशव्या धरल्या तर वीस वर्षांत ५००. दर दहा लाखांत ६ ही जोखीम एका पिशवीपुरती नगण्य वाटते. पाचशेने गुणली की ती हजारात ३ होते. शंभर मुलांच्या केंद्रात सुमारे चारांत एक इतकी शक्यता की वीस वर्षांत कुणा एका मुलाला लागण होईल, आणि ही शक्यता कुठलीही चूक न होता, फक्त विंडो पिरियडमुळे येते. गुजरातमध्ये जुनागढ इथे २०११ साली थॅलेसेमियाची २३ मुले एचआयव्हीबाधित आढळली. हा आकडा मात्र या गणितात बसत नाही. इतका मोठा आकडा एखाद्या निसटत्या पिशवीचा असूच शकत नाही.

यावरून नॅटच्या खर्चाचाही निराळा विचार सुचतो. आज तो पेढीनिहाय ठरतो: पेढी श्रीमंत असेल तर तिथे येणाऱ्या सगळ्यांना नॅट केलेले रक्त, नसेल तर कुणालाच नाही. तो रुग्णनिहाय ठरवायला हवा. ज्याला आयुष्यात एकदाच दोन पिशव्या लागणार त्याच्या आधी, ज्याला पाचशे लागणार त्या मुलासाठी सरकारने जिल्हा पेढ्यांचे नमुने विभागीय केंद्रात पाठवून नॅट करून घ्यावी. त्याच्या जोडीला त्या मुलाला नेमून दिलेला दात्यांचा गट हवा. पुरुषाला दर तीन महिन्यांनी, स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. वर्षातून तीनदा देणारे, रक्तगट जुळणारे आठ-नऊ दाते एका मुलाला पुरतात. त्या प्रत्येकाची वर्षात तीनदा तपासणी होते, त्याचे आधीचे सगळे निकाल एकाच वहीत असतात, आपले रक्त कुणाला जाते हे त्याला ठाऊक असते, आणि एखाद्या वेळी ‘या खेपेला मी देत नाही’ असे सांगायला त्याला कुणाची भीड वाटत नाही.